डबा गप बसेना

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मी गेलो होतो, पण चौथी माझ्यात गेली नाही, म्हणून बैलांमागं लागलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी नाक मुरडायला नको. विजेचं मला जे काही कळतं ते पुस्तकातून आलेलं नाही. ते मी डब्याशी भांडून मिळवलं, आणि त्या भांडणात मी हरलो नाही असं माझं आजही म्हणणं आहे.

डबा म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं. बाहेरून हिरवा पत्रा, आत काचेचे दिवे. दिवे तापून लालसर झाले की माईकमध्ये बोललेलं कर्ण्यातून बाहेर पडायचं. सोबत माईक, दोन कर्णे आणि तबकड्या वाजवायचं यंत्र. डबा नवाकोरा आहे असं मी गावात सांगितलं होतं. हिरवा रंग मीच दिला होता, त्यामुळं ते अगदीच खोटं नव्हतं.

आमचं गाव पौडच्या पुढं, मुळा नदीच्या अंगाला. शेती भाताची, आणि उन्हाळ्यात घरोघर दोर वळायचं काम. अंबाडी भिजवायची, सोलायची, वाख काढायचा आणि वळत बसायचं. आमच्या घरचा कासरा बैल म्हातारा झाला तरी तुटायचा नाही. माझ्या हाताला पिळाची अशी सवय की समोर दोन दोऱ्या मोकळ्या दिसल्या तर हात शिवशिवायचे. मी वळून टाकायचोच.

त्यामुळं डबा घेतल्यावर वायरींचंही तेच केलं. दुसरे भोंगेवाले वायरी कशाही लोंबकळत सोडायचे, लोकांच्या पायात यायच्या, कुणी पडायचं. मी माईकची वायर, कर्ण्याची वायर, आणखी असेल ती वायर, सगळ्यांची एक तीनपेडी वेणी घातली आणि वरून अंबाडीचा वाख गुंडाळला. देवळाच्या ओसरीवर डबा, तिथून मंडपाच्या खांबापर्यंत एकच दोर. बघणारा म्हणायचा, "काय काम केलंय गड्यानं!" मी म्हणायचो, "असंच असतंय." पुण्यातल्या मोठ्या मांडववाल्याकडंही मी अशी वेणी बघितली नाही. का नाही, ते मला तेव्हा कळायला हवं होतं, पण त्यांना जमत नसेल असंच मी धरून चाललो.

सुरुवातीला गावात वीज नव्हती. धरण आमच्या मुळशीचं, पाणी आमच्या डोंगरांचं, पण वीज घाट उतरून मुंबईला जायची आणि आम्ही कंदील पुसत बसायचो. डबा मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. आवाज बारीक, पण स्वच्छ. मग एकदाची आमच्या गावात लाईट आली. देवळात आली, चावडीत आली. मी बॅटरी कोपऱ्यात ढकलली आणि डबा लाईटला लावला. माईकवाल्या वायरीच्या वेणीत आता मंडपातल्या दिव्याची वायरही गुंफली, म्हणजे माईकपाशी उजेडही झाला. बटण दाबलं.

"हूंऽऽऽऽ," डबा म्हणाला.

कुणी बोलत नव्हतं, कुणी गात नव्हतं. डबा एकटाच हूं करत होता, आणि दोन्ही कर्ण्यांतून ते हूं नदीपलीकडं जात होतं. जशी पोटात दुखणारी म्हैस गोठ्यात उभी राहून कण्हते, तसं.

गावाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी पारावर मला बघून एकानं तोंड मिटून हूं केलं. मग दुसऱ्यानं. मी तिथून जाईपर्यंत सगळा पार हूं करत होता.

"आरं, डब्याला काय हुतंय?" चुलता म्हणाला. "आल्याचा रस पाज त्याला."

"डबा दमदार हाय, म्हनून घुमतोय," मी म्हणालो. "मोठी मोटार उभी असली तरी घुरघुरती का न्हाई? अंगात ताकद असली की आवाज येनारच."

हे मी इतक्या जोरात सांगितलं की दोनचार लोकांना पटलंही. एकानं तर पाहुण्यांना सांगितलं की आमच्या गावचा डबा बंद असतानासुद्धा घुमतो, एवढा ताकदीचा आहे.

पण एका माणसाला ते पटणारं नव्हतं, आणि नेमकं त्या माणसाशी माझं काम अडलेलं होतं.

भुकूमच्या एका घरातली मुलगी मला सांगून आली होती. पसंती झाली होती. म्हणजे मी तिला बघितलं होतं आणि तिनं पोह्यांची बशी ठेवताना मला बघितलं असावं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, घर आवडलं होतं. सुपारी तेवढी फुटायची होती. मुलीचे वडील भजनी बुवा. गळा असा की भुकूमच्या वळणावर गायला लागले तर पौडच्या रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबायची. शेतीभाती चांगली, पण त्यांचा सगळा जीव सुरात. घरात कुणी बेसूर शिंकलं तरी कपाळाला आठी.

देवळात लाईट आली म्हणून आमच्या गावानं बुवांना भजनाला बोलावलं. मी आनंदानं डबा मांडला. होणारा सासरा माझ्या माईकमध्ये गाणार, याहून चांगला मुहूर्त कुठला? बुवा बसले, पेटी पुढं ओढली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"ह्यो कोण गातुया?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाई, बुवा. डबा हाय," मी ओसरीवरून म्हणालो.

"त्याला सांग गप बस."

आता डब्याला कसं सांगणार? मी एक खुंटी फिरवली, हूं लहान झालं, पण माईकही लहान झाला. खुंटी परत फिरवली, हूं परत मोठं. बुवांनी पेटीची पांढरी पाच दाबली. कान दिला. मग तिच्या शेजारची काळी चार दाबली. परत कान दिला. सगळं देऊळ बघत होतं.

"पांढरीतबी न्हाई आन काळीतबी न्हाई," ते म्हणाले. "दोनीच्या मदी कुटंतरी शेपूट अडकलंय ह्याचं. मी कुटल्याबी पट्टीत गायलो तरी ह्यो माझ्या मदी येनार. पाव्हणं, असल्या डब्यावर मी गानार न्हाई."

हे पाव्हणं म्हणजे आमचे आबा. आबांचं तोंड उतरलं. बुवा माईक बाजूला सारून तसेच गायले, झकास गायले. पण जाताना चपला घालताघालता आबांना म्हणाले, "सुपारीचं जत्रंला बगू. भैरवनाथाच्या जत्रंला माझं भजन हायेच हितं. त्या दिशी मी हात वर करीन, समदे गप हुतील. डबाबी गप ऱ्हायला तर सुपारी तितंच फोडू. ज्याला डबा गप करता येत न्हाई, त्यो संसार काय करनार?"

"आन न्हाई ऱ्हायला तर?" आबांनी विचारलं.

"मावळात पोरं काय कमी हायेत?"

 त्या दिवशी घरी जेवताना आबा एवढंच म्हणाले, "बॅटरीवर लाव की पहिल्यावानी." मी नाही म्हणालो. गावात लाईट आलेली असताना भावी सासऱ्यापुढं बॅटरी मांडायची? मग लोक म्हणाले असते, घाबरला. मला मुलगी हवी होती, पण घाबरून नको होती.

म्हणून मी पुण्याला गेलो. जुन्या बाजाराशेजारी एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं अगदी शहरी. त्यानं डबा उघडला आणि आतल्या एका नळकांड्यावर बोट ठेवलं.

"हा कंडेन्सर वाळलाय. बदलावा लागेल. निम्मा आवाज यानं जाईल."

"आन निम्मा?"

"माईकची वायर कुठली आहे?"

"घरच्या घंटीला लावतात ती. दोन तारांची."

त्यानं चष्मा वर केला. "माईकला जाळीची वायर लागते. आतली तार आणि भोवती तांब्याची जाळी. आणि डब्याला जमीन दिली आहे का? लोखंडाची कांब ओल्या जमिनीत ठोकून डब्याचा पत्रा तिला जोडायचा."

कंडेन्सर मी घातला. जाळीच्या वायरीचा भाव ऐकून उठलो. जाताना त्यानं आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, "आणि हे बघा, लाईटची वायर…" एवढं मी ऐकलं. पण माझी गाडी सुटत होती, आणि वायरीबद्दल मला कुणी शिकवावं एवढी काही वेळ आलेली नव्हती.

कंडेन्सरनं खरंच फरक पडला. म्हशीची रेडी झाली. मग जमीन द्यायचं ठरवलं. कांब घेतली, घण घेतला, आणि देवळापुढं ठोकायला गेलो, तर गुरव धावत आला.

"देवाच्या दारात लोखंड ठोकतुयास? खुळा का काय तू?"

"आवाजाला जमीन द्यायचीय."

"आवाजाला जमीन? तुज्या बापाची लई हाय, तिकडं दे!"

खूप बाचाबाची झाली. शेवटी पाय धुवायच्या दगडापाशी ठोकायला त्यानं परवानगी दिली, कारण तिथपर्यंत लोक वहाणा घालून येतात, म्हणून ती जागा देवाची धरत नाहीत. मला तेच हवं होतं. तिथली माती कायम ओली. कांब ठोकली, वायर जोडली, आणि हूं आणखी बसलं. एक गोष्ट लगेच ध्यानात आली. माती जितकी ओली तितका डबा शांत. उन्हात वाळली की कुरकुरायला लागायचा.

मग मी गावात सांगत सुटलो की भैरवनाथाला धुतलेले पाय आवडतात. नुसतं पाणी शिंपडून चालत नाही, घोट्यापर्यंत धुवा. देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाला मी ओसरीवरून ओरडायचो, "आजून एक तांब्या, काकी! टाचा ऱ्हायल्या!" त्या आठवड्यात आमच्या गावाइतके स्वच्छ पाय मुळशीत कुठं नसतील. गुरवही खूश झाला. मला म्हणाला, तुझ्यात भक्ती आहे, नुसती दिसत नाही.

एवढं करूनही थोडं हूं राहिलंच. बोलताना कळायचं नाही, पण सगळं शांत झालं की आहेच. आणि बुवा शांततेतच ऐकणार होते.

तेव्हा मी दुसरी वाट काढली. बुवांच्या भजनात पखवाज वाजवणारा होता, तो भुकूमचाच, जिलबीचा भोक्ता. त्याला पौडच्या बाजारात गाठलं, जिलबी खाऊ घातली आणि विचारलं, "बुवांनी हात वर केला तर तू काय करशील?"

"थांबीन."

"थांबू नगंस. पखवाज उतरलाय म्हन. त्याच्या तोंडाला कनीक लाव, थापट्या मार. शांतता हुऊच दिऊ नगं."

तो चावत चावत विचार करत राहिला. "किती येळ?"

"बुवा कटाळंपातूर."

"मग आजून एक पाव जिलबी लागंल," तो म्हणाला.

जिलबी आणली. सौदा झाला. तरी मनातून मला बरं वाटत नव्हतं. पाप वगैरे काही नाही, पण डबा माझा आणि तो गप बसवायला पखवाज लागतो, ही गोष्ट गळ्याखाली उतरत नव्हती.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं मांडून झालं. ओसरीवर डबा, मंडपात माईक, माईकच्या वर दिवा, आणि मध्ये माझी वेणी, नवा वाख गुंडाळलेली. डबा चालू करून मी खांबावर कर्णा आवळत होतो. खाली हूं चाललंच होतं.

त्या दिवसांत आमच्या रानात एका धनगराची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. त्याची बायको चारपाच शेरडं घेऊन देवळाकडं पाण्यावर आली. त्यात एक बोकड, दाढीवाला, शिंगं मागं वळलेली. त्याला माझ्या वेणीचा वास आला. अंबाडी ती! त्यानं वाख ओढला, चावला, आणखी ओढला. वाख सुटला तशी वेणी उकलली. मी वरून ओरडलो तसा बोकड दचकून उडाला, माईकची वायर त्याच्या शिंगात अडकली आणि ती घेऊन तो मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पळाला. दिव्याची वायर खांबाला पक्की होती, ती जाग्यावर राहिली. नशीब त्याचं.

आणि डबा गप झाला.

मला वाटलं तुटली वायर. मेला माईक. मी खांबाला मिठी मारून बोकडाच्या मालकिणीला नाही नाही ते बोललो. ती ढिम्म. तिनं बोकडाचा कान धरला आणि त्याला परत वेणीकडं आणायला लागली. ती जवळ आली तसं हूं परत सुरू झालं. बोकडानं हिसका दिला, लांब गेला. हूं गेलं.

बाई थांबली. तिनं वर कर्ण्याकडं बघितलं, मग बोकडाकडं, मग माझ्याकडं.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा भोंगा माज्या बोकडाला भितोय वो."

"बोकडाला कशाला भील?"

"मग बगा की." तिनं बोकड पुढं आणला. हूं. मागं नेला. गप. पुढं. हूं. ती हसायला लागली. "बरं झालं बाई, लांडग्याला भिववनारं कायतरी आना म्हनलं हुतं मालकाला. आता ह्यो बोकडच चालंल की!"

मी खाली उतरलो. बोकडाच्या शिंगातून वायर काढली आणि स्वतः हातात धरून पुढंमागं झालो. बाई उभी राहून बघत होती, जसा काही मीच आता बोकड. लाईटच्या वायरीजवळ गेलं की हूं, लांब गेलं की गप. लाईटची वायर माईकच्या वायरीच्या कानात हूं करत होती, आणि दोघींची गळामिठी मीच घालून दिली होती, ओसरीपासून मंडपापर्यंत, तीनपेडी.

आता कुणी म्हणेल की पीळ चुकीचा. मी तसं म्हणत नाही. पीळ चांगलाच होता, पेड चुकले होते. कासऱ्यात आपण अंबाडीबरोबर काथ्या घालतो का? मी दिव्याची वायर काढली आणि मंडपाच्या उलट्या बाजूनं, पार लांबून फिरवून आणली. कर्ण्याची वायर तिसरीकडून. आणि माईकच्या वायरीच्या दोन तारा तेवढ्या घेतल्या, त्या मोकळ्या केल्या, आणि एकीवर एक अशा घट्ट वळल्या की पिळात सुईसुद्धा शिरू नये. हात शिवशिवतच होते. वळल्यावर कळलं, ह्या पिळानं तर हूं होतं नव्हतं तेवढंही गेलं. नंतर किती तरी वर्षांनी एका इंजिनियरनं मला सांगितलं की हे असंच करतात, दोन तारा वळल्या की एकीत शिरलेला आवाज दुसरीतला आवाज खाऊन टाकतो. मी म्हणालो, आम्ही अंबाडीत हेच करतो. तो म्हणाला ते वेगळं. मी म्हणालो, वेगळं कसं? 

डबा चालू होता, दिवे लाल होते, आणि कर्ण्यात काहीच नाही. मी मंडपात जाऊन माईकपुढं नुसती टाळी वाजवली. नदीपलीकडल्या झाडावरचे बगळे उडाले.

जत्रेच्या दिवशी हे मी कुणाला सांगितलं नाही. आबांनाही नाही. पखवाजवाल्याला तर मुळीच नाही, तो बुवांच्या घरात बसणारा. दुपारी कुस्त्यांचा फड लागला, बांगडीवाल्यांच्या पालांपुढं बायकांची गर्दी, पाळणा फिरत होता, आणि बुवांची मंडळी मंडपात येऊन बसली. भुकूमच्या बायकाही आल्या होत्या. त्यात ती होती. मी बघितलं नाही असं दाखवून बघितलं.

बुवांनी पहिला अभंग म्हटला. माझ्या माईकमध्ये, चांगला मांडी घालून. कर्ण्यातून तो गळा असा निघाला की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. अभंग संपला आणि बुवांनी हात वर केला.

टाळ थांबले. पेटी थांबली. पखवाज म्हणाला, "धुम्. धुम् धुम्."

बुवांनी मान वळवली. "काय रं?"

"उतारलाय बुवा," पखवाजवाला म्हणाला आणि कणकेचा गोळा थापायला लागला. "धुम्."

"ऱ्हाऊ दे."

"लई उतारलाय. धुम् धुम्."

मी ओसरीवरून त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, थांब, थांब आता. त्याला वाटलं मी वाजव म्हणतोय. तो आणखी जोरात थापायला लागला. बुवांचा रंग बदलत चालला होता. "किती जिलबी खाल्लीस?" त्यांनी एकदम विचारलं.

पखवाजवाल्याचा हात हवेतच राहिला. बुवांनी त्याच्या हातातून कणीक काढून घेतली आणि शेजारी ठेवली.

मग शांतता झाली. बुवांनी कान लावला. डोळे मिटले. पांढरी पाच दाबली, सोडली. काळी चार दाबली, सोडली. आबा फडापाशी उभे होते, त्यांनी मुंडासं काढून हातात धरलं होतं.

"बंद केलास व्हय रं?" बुवा ओसरीकडं बघून म्हणाले.

"न्हाई बुवा. चालू हाय."

"खोटं. बंद केलास."

 आता मला काही बोलायची गरज नव्हती, कारण "बंद केलास" हे त्यांचं बोलणं दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेलं होतं. पण बुवा मंडपात बसलेले, कर्णे वर आणि तोंडं लोकांकडं. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ते शेजारच्या टाळवाल्याकडं वाकले, तोंडावर हात धरला, आणि हळूच, अगदी कुजबुजत, माईकला छाती लावून बोलले.

"आयला, खरंच गप झालाय की रं," सगळी जत्रा ऐकत होती. "मी घरात सांगून आलोय, ह्या जल्मात गप हुत न्हाई म्हनून. आता काय खोड काढू, सांग लवकर."

आधी बांगडीवाल्यांच्या पालांकडून हसू फुटलं, मग फडाकडून. एक म्हातारी पालापाशी बसली होती, ती हात करून ओरडली, "बुवा, नाकाची खोड काढा! पोराचं नाक बसकं हाय!"

"नाक घरचं हाय, ते न्हाई बदलून मिळायचं!" आबा फडातून ओरडले.

बुवांनी मान वर केली, कर्ण्याकडं बघितलं, माईककडं बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं उठतात आता. पण त्यांनी पेटी पुढं ओढली आणि दुसरा अभंग सुरू केला, आणि खरं सांगतो, पहिल्याहून चांगला म्हटला. मध्ये एकदा एका स्वरावर ते इतके हलके झाले की नुसता श्वास राहिला, आणि तो श्वाससुद्धा पलीकडच्या पालातल्या बायकांना ऐकू गेला. तिथं मला कळलं की ह्या माणसाला आपला डबा आवडला. तो कबूल करो न करो.

भजन आटोपल्यावर दोन्हीकडची चार माणसं देवळाच्या पायरीवर बसली. सुपारी आली, अडकित्ता आला. मी खांबावर चढून कर्णा सोडत होतो.

"खाली ये रं," आबा ओरडले, "तुजंच चाललंय."

"वायर गुंडाळू द्या आधी," मी म्हणालो. ती वायर दुसऱ्या कुणी गुंडाळली असती तर पीळ उलटा पडला असता.

बुवांनी अडकित्ता हातात घेतला, पण दाबला नाही. "पोरगी दिली," ते म्हणाले. "पर एक सांगतो. लग्नात भोंगा नगं. माज्या दारात भोंगा न्हाई वाजायचा. आज झाली ती शोभा बास झाली."

"मग लग्न न्हाई," मी खांबावरून म्हणालो.

 आबांनी पायातली वहाण काढली आणि खांबाच्या दिशेनं भिरकावली. ती माझ्या अंगठ्याला लागून गेली. भुकूमच्या बायका ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावला. ती कोण होती ते मला पदरावरून कळलं. हसत होती का रडत होती, ते वरून कळेना.

बुवांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. नाकाकडंही बघितलं असेल.

"लई हट्टी हाय," ते आबांना म्हणाले.

"हाय," आबा म्हणाले. "माज्यावर गेलाय."

"माजी पोरबी तशीच हाय," बुवा म्हणाले, आणि त्यांनी अडकित्ता दाबला.

लग्न भुकूमला झालं. त्यांच्या दारापुढं मोठा आंबा होता. बाशिंग बांधायच्या आधी मी कर्णा घेऊन त्या आंब्याखाली उभा राहिलो, कुठल्या फांदीला बांधावा ते बघत. बुवा सोवळ्यातच बाहेर आले, मला बाजूला सारलं, आणि बोटानं एक फांदी दाखवली, उंच, पौडच्या रस्त्याकडं तोंड असलेली. मग शिडी आणली आणि मी चढेपर्यंत स्वतः ती धरून उभे राहिले.